तात्यासाहेबांचं इंग्रजी भाषण

अनसूयाबाई गोंधळेकर त्या काळी गावच्या वाचनालयात झाडलोट करत, पण जीव सगळा पुस्तकांत. रोज एक इंग्रजी शब्द शब्दकोशात बघायचा आणि दिवसभर घोकायचा, हा त्यांचा नेम. धुणं वाळत घालतानाही ओठ हलत. अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

पुस्तकं देण्याघेण्याची जागा रिकामी झाली, तसा बाईंनी अर्ज दिला. अध्यक्ष होते तात्यासाहेब धारवाडकर वकील. दर वार्षिक सभेला ते इंग्रजीत भाषण ठोकत, आणि कुणाला ते कळलं नाही की खूश होत.

"बाई, इंग्रजी कपाट सांभाळायचंय, केरसुणी नव्हे," भर सभेत ते हसले. "आज माझं भाषण ऐका. निम्मं जरी मराठीत सांगितलंत, तर जागा तुमची!"

अनसूयाबाई पदर खोचून उठल्या. "निम्मं कशाला? सगळंच सांगते, तेही तुम्ही बोलायच्या आधी."

आणि "सभ्य स्त्रीपुरुषहो"पासून आभारापर्यंत त्यांनी घडाघडा सांगितलं. तात्यासाहेब हातातल्या कागदावर ओळ न् ओळ ताडून बघत राहिले.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"नऊ वर्षांपूर्वी तुमचा कागद झाडताना सापडला. रोज एक शब्द करत दिवाळीपर्यंत संपवला. तेव्हापासून दर वर्षी वाट बघतेय, यंदा तरी साहेब एखादा नवा शब्द आणतील!"

सभा खो-खो हसली. तात्यासाहेबांनी इंग्रजी कपाटाची किल्ली बाईंच्या हातावर ठेवली. त्या वर्षी ते प्रथमच मराठीत बोलले, आणि लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं.