साहेबांनी दिलेलं शून्य

विस्तार अधिकारी घाटगे तपासणीला येणार म्हटलं की चिंचोड्याच्या शाळेतली घंटासुद्धा वेळेवर वाजायची. यंदा ते आले तेव्हा लोखंडे बाई सातवीला डोळा शिकवत होत्या. साहेबांनी थेट कपाट उघडलं. आत डोळ्याची प्रतिकृती नाही, तक्ता नाही, साधं भिंगसुद्धा नाही.

"साहित्याशिवाय डोळा शिकवता? माझ्या नजरेतून काही सुटत नाही, बाई!" असं म्हणत त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'साहित्य : ०'.

ते शून्य वर गेलं की बाईंचा विज्ञानाचा तास जाणार, हे मुलांनाही ठाऊक होतं.

बाईंनी शून्याच्या डावीकडे, चार बोटं सोडून, समासात एक फुली मारली. "साहेब, डावा डोळा झाका. उजव्याने फक्त फुलीकडे बघा आणि शेरेबुक हळूहळू जवळ आणा."

साहेबांनी तसं केलं आणि दचकलेच. "अहो, शून्य गेलं!"

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गेलं.

"अंधबिंदू, साहेब!" सगळा वर्ग ओरडला. "तो प्रत्येकाच्या डोळ्यात असतो!"

"ह्यांना कसं माहीत?"

"करून बघितलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. "साहित्य ज्याचं त्याने घरून आणलंय. प्रत्येकी दोन नग."

साहेब खो खो हसले. शून्य खोडून त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थी बावीस, साहित्य चव्वेचाळीस नग.'

बाईंनी शेरा वाचला. "शेहेचाळीस करा, साहेब. आज तुमचेही वापरले."