धक्क्यावरची रांग

अन्याय रोज डोळ्यांसमोर घडत होता आणि बघणारे आपापली बोचकी सांभाळत होडीत चढत होते. कोणाला काही दिसलंच नाही म्हणे!

खाडीकाठच्या एका गावातली ही गोष्ट. पलीकडच्या बाजाराला जायला एका नाखव्याची एकच होडी होती. गावाच्या टोकाला सिद्दींची वस्ती होती. त्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेले. रंग काळा, केस कुरळे, बोली मात्र गावाचीच. तरी होडीत त्यांनी सगळ्यांच्या शेवटी चढायचं, असा रिवाज होता. जागा उरली नाही, तर पुढच्या खेपेची वाट बघायची. वस्तीतल्या मरियमबीची सुकी मासळी बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी गेलेलं असे.

शहरात शिकणारा श्रीरंग सुट्टीत गावी आला. हे पाहून त्याचं रक्त तापलं. तो मरियमबीला म्हणाला, "चाची, त्या नाखव्याला मी सरळ करतो!"

"सरळ नको करू, बाळा. नुसता माझ्या मागे उभा राहा. मी चढल्याशिवाय तू चढू नको. बोलायचं ते मी बोलेन."

सकाळी नाखव्याने श्रीरंगला हाक मारली. तो जागचा हलला नाही. ते पाहून मागचे दोघेही थांबले. नाखवा घुटमळला.

"नाखवा, मी पहाटेपासून उभी आहे," मरियमबी म्हणाली. "आज ज्याचा नंबर आधी, त्याला आधी घे ना."

नाखवा डोकं खाजवू लागला. तेवढा वेळही श्रीरंगला धीर धरवला नाही. तो पुढे होऊन गरजला, "माणूस आहेस की जनावर? तुझ्या बापानेही हेच केलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाखव्याचा चेहरा लालबुंद झाला.

"बापावर जातोस? आजपासून एकही सिद्दी माझ्या होडीत चढणार नाही!"

टाळ्या थांबल्या. मागे थांबलेले दोघे गुपचूप होडीत जाऊन बसले.

मरियमबीने टोपली डोक्यावर घेतली आणि खाडीला वळसा घालून जाणारी लांबची वाट धरली. श्रीरंग मागे धावला.

"चाची, चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. थांबली मात्र नाही.

सुट्टी संपली तरी नाखव्याचा राग उतरला नव्हता. शहरात परतायला श्रीरंग धक्क्यावर आला. लांब काठाकाठाने डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका चालल्या होत्या. त्याचा पाय उचलेना.

वल्हं मारणारा गडी म्हणाला, "चढा की, दादा. तुम्हाला कोणी अडवलंय?"

तात्पर्य: दुसऱ्याच्या हक्कासाठी लढताना त्याच्या मागे उभं राहायला शिकावं; नाहीतर आपला राग आपण ओकून मोकळे होतो आणि शिक्षा मात्र तो भोगत राहतो.