म्हाळसा कासारीण आणि मिटलेली मूठ

फार वर्षांपूर्वी, आंबेखळीत अजून विहीरही खणली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरापलीकडून म्हाळसा नावाची म्हातारी कासारीण डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन यायची. असं म्हणतात, की तिच्या हातून कधी बांगडी वाढली नाही, भरताना एकही फुटली नाही.

गावात अनसूया राहायची. तिला सात वर्षांची गोदू, आणि नुकताच झालेला मुलगा. मुलगा झाल्यापासून गोदू गप्प झाली. जेवताना तिला ओकारी यायची, दारात कुणी आलं की ती कणगीमागे लपायची. अनसूया तिला गदागदा हलवायची, "अगं, काय झालं? बोल की!" गोदू जास्तच मिटायची.

बारशाला म्हाळसा बांगड्या भरायला आली. गोदूचा हात लाकडासारखा ताठ. म्हाळसेनं काही विचारलं नाही. हात चोळत ती आपलंच सांगू लागली, "लहानपणी मला वाटायचं, आई मला बाजारात विसरून जाईल. असा गोळा यायचा पोटात!"

"मलापण येतो," गोदू म्हणाली. आणि मग कितीतरी वेळ म्हाळसेच्या कानाशी कुजबुजत राहिली.

अनसूया उंबऱ्यातून बघत होती. तिच्या काळजात निखारा पडला. नऊ महिने मी पोटात वाढवली, आणि मनातलं सांगते कासारणीला!

"काय म्हणाली गं ती?" तिनं म्हाळसेला अडवलं.

"माझ्यापाशी ठेवलेलं मी दुसऱ्याला देत नाही, बाई. तू तिलाच विचार."

"पोरं भुलवतेस होय? पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस!"

म्हाळसा गेली. गोदूनं उजव्या हाताची मूठ मिटली, ती मिटलीच. वैद्यानं लेप लावले, तालमीतल्या पैलवानांनी जोर लावला, पण नऊ दिवस मूठ उघडली नाही. अन्नही सुटलं. असं म्हणतात, की त्या मुठीवर माशीसुद्धा बसत नव्हती.

दहाव्या दिवशी अनसूया रडत डोंगर चढून गेली. "पोर तुझीच झाली म्हण हवं तर. पण तिची मूठ उघड."

"मी नाही उघडायची. तू उघड."

"मला जमलं असतं तर तुझ्या दारी आले असते का?"

"आधी आपलं सांगावं, बाई. खरं असेल तेच. आणि हात ओढू नये."

अनसूया घरी आली. गोदूची मूठ तिनं मांडीवर घेतली आणि हळूहळू चोळू लागली. शेवटी जे होतं तेच ओठांवर आलं. "मला त्या म्हाळसेचा हेवा वाटला गं. तू तिच्याशी बोललीस, माझ्याशी नाही. फार जळले मी."

गोदूनं मान वर केली. "तू पण जळतेस? मला बाळाचा येतो राग. सगळे म्हणतात, आता नवं बाळ आलं, तुला मामाला देऊन टाकणार. आणि तू हसलीस, आई."

खरंच हसली होती ती. शेजारणी थट्टा करत होत्या, तीही हसली होती.

"चुकले मी," अनसूया म्हणाली. "तुला कुणालाच द्यायची नाही."

बोटं एकेक करून सैल झाली. असं म्हणतात, की त्याच घडीला डोंगरापलीकडे म्हाळसेच्या टोपलीतल्या सगळ्या बांगड्या आपोआप किणकिणल्या, आणि म्हातारी चुलीपुढून म्हणाली, "उघडली!"

आजही आंबेखळीत नागपंचमीच्या आदल्या दिवशी कासाराला बोलावत नाहीत. आईच आपल्या हातानं पोरांना एकेक बांगडी भरते, मुलग्यांनासुद्धा. ती मनगटावर चढेपर्यंत आईनं काही विचारायचं नाही, आपल्या मनातली एक खरी गोष्ट सांगायची. आणि एखाद्या पाहुण्यानं लहानग्याला 'तुला देऊन टाकू' अशी थट्टा केलीच, तर घरातलं कुणीतरी हात जोडून म्हणतं, "म्हाळसेचं गाव आहे, पाहुणं. शब्द मागं घ्या." पाहुणा कितीही मोठा असो, तो पोरापुढे वाकून शब्द मागं घेतो.