सांबरघळीचा आराखडा

“सात तास पुरतील ना, बाबा?”

सुनेत्राबाईंनी चिमाबाबा गभाल्यांना विचारलं. घळीच्या तोंडाशी साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या, ओट्यावर त्यांनी मोठा कागद पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले होते. बाबा आधी गोट्यांकडे बघत होते, मग कागदाकडे.

सुनेत्रा खांडगे संगमनेरच्या तंत्रनिकेतनात नकाशे काढायला शिकवायच्या. थंडी पडली की हौशी मंडळींना घेऊन डोंगर चढायच्या. यंदा त्यांच्या मनात सांबरघळ भरली होती. उंबरी नदीनं डोंगर उभा चिरून केलेली ती घळ. वरून शिरायचं, दोन कोस पाण्यापाण्यातून उतरायचं आणि खाली कोंडवाडीला बाहेर पडायचं. मध्ये काही ठिकाणी भिंती इतक्या जवळ, की हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागतो.

चिमाबाबांनी उमेदीची सारी वर्षं त्या कड्यांवरचा मध काढला होता. आता ऐंशी उलटलेली. तरी घळीत उतरणारा कोणीही आधी त्यांच्या पाया पडायचा. बाबा “जा” म्हणायचे, नाहीतर “नको” म्हणायचे. तिसरा शब्द नाही.

बाईंना “जा” हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, वर थोडी शाबासकीही.

“हे निळं काय?” बाबांनी विचारलं.

“डोह. पाच आहेत.”

“आन् हे तांबडं?”

“उतार. नऊ. कुठल्या उताराला किती मिनिटं लागतील तेसुद्धा लिहिलंय. अकरा माणसं, तीन दोर; तेच सोडवून पुढं न्यायचे. साडेसातला आत, अडीचला बाहेर.”

“लई झ्याक काढलंय, मास्तरीणबाई.”

बाई खुलल्या.

“चला मग,” बाबा काठी टेकत उठले. भाकरीचं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. “पहिला तांबडा दावा मला.”

पहिला उतार फार लांब नव्हता. दीड पुरुष उंचीचा कातळ, पाण्यानं गुळगुळीत झालेला. खाली गुडघाभर पाणी.

“इथं चार मिनिटं लिहिलीत मी,” बाई म्हणाल्या. “पण खरं म्हणजे दोनसुद्धा पुष्कळ झाली. बघा हं!”

त्या कातळावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या सुर्रकन घसरत खाली गेल्या. पाण्याचे शिंतोडे वर बाबांच्या धोतरापर्यंत उडाले.

“बघितलंत?”

“बघितलं. या आता वर. भाकर खाऊ.”

बाई वर यायला निघाल्या. पाय घसरला. दुसऱ्यांदा धरायला काही सापडेना. तिसऱ्यांदा हात कातळाच्या कडेपर्यंत पोचला आणि त्या पुन्हा धप्पकन पाण्यात बसल्या.

बाबांनी फडकं सोडलं. नागलीची भाकरी, त्यावर मिरचीचा ठेचा. ते निवांत खाऊ लागले.

“बाबा, दोर टाका ना.”

“दोर कुठला? तो संगमनेरात हाय.”

ते खरंच होतं. बाईंना थोडी भीती वाटली. पौषातलं ऊन घळीत उतरत नव्हतं. कपडे ओले. आवाज दिला तरी ऐकायला भिंती आणि बाबा, तिसरं कोणी नाही…

“कागदावर वर यायची वाट कुठल्या रंगानं काढलीय?” बाबांनी विचारलं.

बाई पाण्यातून उठल्या.

“काढलीच नाही, बाबा. वर यायचंच नव्हतं ना. खालीच बाहेर पडायचं होतं.”

“हां…”

बाबांनी घास संपवला, बोटं पुसली आणि कडेशी येऊन वाकून पाहिलं.

“पोरी, तू त्या कातळाला लई गोंजारतेस. त्याच्याकडं पाठ कर.”

“पाठ करून चढू कशी?”

“कर म्हनतो ना.”

त्यांनी पाठ केली. समोर हातभर अंतरावर घळीची दुसरी भिंत होती. इतका वेळ तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

“आता समोर पाय लाव. पाठ दाब. दुसरा पाय. घाई नाय. ढुंगण सरकव वर… लाजतेस कशाला, आसरा बाया हायेत, मी म्हातारा!”

बाईंना हसू फुटलं आणि हसताना पाय निसटला. मग ओठ घट्ट मिटून त्या वीत वीत सरकत गेल्या. पाठ खरवडली. पण शेवटी काठीचं टोक हाताला लागलं आणि त्या कातळावर पालथ्या पडून धापा टाकू लागल्या.

बाबांनी राहिलेली अर्धी भाकरी पुढे केली.

तिखटानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अकरा जणांतल्या किती जणांना हे जमेल?” बाबांनी विचारलं.

बाईंनी मनातल्या मनात एकेक चेहरा आठवला. निवृत्त पोस्टमास्तर फटांगरे. पोहायला बिचकणाऱ्या निमसे बहिणी…

“चौघांना. फार तर पाच.”

“मंग?”

“उतरू तिथं दोर बांधून ठेवायचा. तिथून प्रत्येकानं एकदा वर चढून दाखवायचं. मगच पुढं.” त्या थांबल्या. “म्हणजे सात तास पुरायचे नाहीत. आणि नऊ दोर लागतील.”

“जा,” बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी अकरा जण घळीत उतरले. दोर बांधताना, चढउतार करताना जो गोंधळ झाला त्याची गंमत वेगळीच होती. पोस्टमास्तर दोराला लोंबकळत “तार आली, तार!” म्हणून ओरडायचे आणि सगळी घळ हसायची.

सहाव्या उताराशी बाईंना डोहाचं पाणी वेगळं दिसलं. सकाळपासून तळाचे खडे दिसत होते. आता दिसत नव्हते. वरून वाळकी पानं तरंगत येत होती. आकाशाची चिंधी वर निळीच होती, पण नदीच्या उगमाकडे अवकाळी पाऊस कोसळतोय का ते घळीतून कोणाला दिसणार?

“परत फिरायचं,” बाई म्हणाल्या.

“अहो, चारच तर राहिलेत!” थोरल्या निमसेबाई कळवळल्या. आता त्यांनाच सगळ्यात जास्त रंग चढला होता.

“फिरायचं.”

पाच दोर होतेच बांधलेले. कुरकुरत, हसत, एकमेकांना वर ओढत अकराही जण दिवस मावळायच्या आत ओट्यापाशी आले. चिमाबाबांच्या सुनेनं पिठलं टाकलं होतं. मंडळी पंगतीला बसली.

बाई मात्र घळीच्या तोंडाशी उभ्या राहून पाणी बघत होत्या. तासभर बघितलं. पाणी चढलं नाही. गढूळपणाही निवळून गेला. वर कुठंतरी गुरं पाण्यात शिरली असतील, दुसरं काय!

बाबा शेजारी येऊन उभे राहिले.

“पूर आलाच नाही, बाबा. उगीच फिरवलं सगळ्यांना.”

बाबा पंगतीकडे बघत होते. पोस्टमास्तरांनी तिसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं होतं.

“माझ्यामुळं अर्धी घळ राहिली हो…”

“राहू दे की,” चिमाबाबा म्हणाले. “तिला कुठं घरी जायचंय?”