बाळाच्या वाटीतली पेज

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य विद्या शिकायला राहिला होता. तो काळ जात्यांचा होता. कुठल्या घरचे तान्हे आता घास घेऊ लागणार, हे साऱ्या आळीला नाचणी भाजल्याच्या खमंग वासावरूनच कळत असे. आता तो वास विकतच्या पिठाच्या डब्यांत बंद झाला आहे. असो.

त्या गावातल्या एका धान्यव्यापाऱ्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सहा महिन्यांचे झाले आणि तिला तापाने गाठले. दूध आटत चालले. बाळाचे उष्टावण चांदीच्या वाटीने थाटात झाले, पण त्या दिवसापासून बाळाने तोंड जे मिटले ते मिटलेच. अंगावरचे बाळसे उतरू लागले. व्यापारी घाबरून वैद्यांकडे धावला आणि वैद्यांनी शिष्याला पाठवले.

शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होते. त्याने ग्रंथात सांगितल्याप्रमाणे नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवून मंद आचेवर भाजली, दळली, वस्त्रगाळ केली. एकही गुठळी होऊ न देता पातळ पेज शिजवली. ती पाहून ग्रंथकर्त्यानेही बोट चाटले असते. बाळाने मात्र पहिलाच चमचा जिभेने बाहेर ढकलला.

मग काय विचारता! शिष्याने गूळ घातला. आजीने तूप सोडले. मामाने खुळखुळा वाजवला, मावशीने बाळाचे हात धरले आणि खुद्द व्यापाऱ्याने, पागोटे सावरत, काऊचा घास, चिऊचा घास म्हणून दाखवले. अति तिथे माती. बाळ रडून लालबुंद झाले आणि दुरून वाटी दिसली तरी मान फिरवू लागले. आतल्या खोलीत अंथरुणावर पडलेली आई ते रडणे ऐके आणि तोंडाला पदर लावी.

शिष्य खाली मान घालून परतला. "गुरुजी, बाळाला अन्नद्वेष जडला आहे. एखादे चाटण योजावे लागेल."

"अरे, ज्याची अजून ओळखच नाही त्याचा द्वेष कुठला?" वृद्ध हसले आणि काठी घेऊन उठले.

मुलीचा ताप आता उतरला होता. वैद्यांनी तिला ओसरीवर आणून बसवले, बाळ तिच्या मांडीवर दिले आणि बाकीच्या मंडळींना आपापल्या कामांची आठवण करून दिली. शिष्याने ताजी पेज आणली. तिच्यात ना गूळ होता ना तूप. वैद्यांनी ती वाटी आईच्या हाती ठेवली.

"तू जेव, मुली."

व्यापारी दारातून न राहवून म्हणाला, "अहो वैद्यबुवा, लेकरू उपाशी आणि त्याच्या तोंडचा घास हिला?"

वैद्यांनी चमचाही तिच्याच हाती दिला. शिष्यालाही हे कोडेच वाटले.

"मला कसा घास उतरेल, वैद्यबुवा?" मुलगी म्हणाली.

"हळूहळू उतरेल. घाई कुणाला आहे?"

तिने डोळे पुसले आणि एक चमचा खाल्ला. मग दुसरा. बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. थोड्या वेळाने त्याचे तोंडही तिच्याबरोबर उघडू-मिटू लागले. मग त्याने सरळ वाटीत हात घातला आणि बरबटलेली मूठ चोखली. शिष्य चमचा घेऊन पुढे धावला, तसे वैद्यांनी त्याचे मनगट धरले. आईने पेजेत बोट बुडवून पुढे केले. बाळाने ते तोंडात घेतले, विचारात पडल्यासारखे थांबले आणि गिळले. कितीतरी दिवसांनी ती मुलगी हसली.

परतताना वाटेत वृद्ध म्हणाले, "तुझी पेज उत्तम होती. बाळाने जीभ बाहेर काढली ती नको म्हणून नव्हे. आजवर तिला चोखणेच ठाऊक. गिळणे ती आता शिकते आहे. आणि तुम्ही सगळे भरवत होता, जेवत कुणीच नव्हते. ज्यासाठी आपले हात धरून ठेवावे लागतात ते चांगले असेल, असे त्याने का मानावे?"

 थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, "माझी आई शेताच्या बांधावर भाकरी खायला बसे, मी मांडीवर. एक दिवस मी तिच्या भाकरीला हात घातला, तेच माझे उष्टावण. थोरली बहीण सांगायची. मला त्यातले काही आठवत नाही. पण नाचणीचा वास आला की अजून वाटते, शेजारी कुणीतरी जेवते आहे. आणि मग भूक लागते बघ."

 घराच्या पायरीशी आल्यावर शिष्याने हळूच विचारले, "गुरुजी, चार दिवस गावी जाऊन येऊ का?"

"का रे? एकाएकी काय निघाले?"

"आई एकटीच जेवत असेल."

वृद्धांनी त्याच्या हातातली औषधांची झोळी काढून घेतली. "मग उभा का? आत्ता निघालास तर रात्रीच्या जेवणाला पोचशील."