गव्याची जखम आणि त्याचे दोन वैद्य

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, मुलांनो, एक मुंगूस राहत असे. झाडपाल्याची त्याला फार चांगली माहिती होती. कोणाला काटा रुतो, कोणाला विंचू चावो, सगळे प्राणी त्याच्याकडे धाव घेत आणि त्याला आदराने 'वैद्यबुवा' म्हणत. हा मान मुंगसाला मनापासून आवडे.

एकदा एक धिप्पाड गवा त्या उतारावरून घसरला आणि तुटलेल्या बांबूचा टोकदार खुंट त्याच्या मांडीत खोलवर घुसला. त्याला उठता येईना. जांभळाच्या झाडाखाली तो तसाच पडून राहिला. पलीकडच्या टेकडीवर रानकुत्र्यांची टोळी फिरत होती. गवा लवकर पायांवर उभा राहिला नाही तर त्याचे काय होणार, हे न बोलताही सगळ्यांना कळत होते.

मुंगसाने गव्यावर उपचार सुरू केले. रोज सकाळी ते पार वरच्या पठारावर जाई, दगडीपाला तोंडात धरून आणी, चावून चावून त्याचा लगदा करी आणि जखमेवर पिळी. तो रस असा झोंबे की एवढा मोठा गवा, पण लहान वासरासारखा हंबरडा फोडी. त्यातच जखमेवर माश्या बसल्या, आत अळ्या झाल्या आणि गव्याला ताप भरला. त्या काढायला बारीक चोच हवी, म्हणून मुंगसानेच ओढ्यापलीकडच्या साळुंकीला बोलावून आणले. साळुंकी गव्याच्या मांडीवर बसे, हलकेच एकेक अळी टिपून काढी आणि टिपता टिपता ओढ्याला पाणी किती आले, बांबूला कोंब कुठे फुटले, अशा गोष्टी सांगत राही. गव्याला त्या ऐकता ऐकता डुलकी लागे.

चार दिवसांत गव्याचा ताप उतरला. मुंगूस खूश झाले. पण त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. साळुंकी आली की गवा मान वर करून म्हणे, "आलीस का ताई? कधीची वाट पाहतोय तुझी." आणि मुंगसाची चाहूल लागली की त्याचे अंग आकसे. तो डोळे मिटून घेई आणि म्हणे, "वैद्यबुवा, आज जरा कमी रस पिळा हो."

पाचव्या दिवशी एक ससा गव्याला भेटायला आला. "आता बरं दिसतंय तुमचं," तो म्हणाला.

"साळुंकीताईचे उपकार आहेत," गवा म्हणाला. "ती रोज येते म्हणून जीव थाऱ्यावर आहे."

मुंगूस तेव्हा तोंडात पाला धरून झुडपामागे उभे होते. ते ऐकून त्याच्या अंगाची आग आग झाली. 'पठार चढून चढून माझे पाय सोलले. पाला मी ओळखला. साळुंकीला बोलावलं तेही मीच. आणि उपकार तिचे? ती काय करते? अळ्या टिपते आणि गप्पा मारते!' त्या दिवशी त्याने रस नेहमीपेक्षा जोरात पिळला. गवा कळवळला. मुंगसाला त्याचे वाईट वाटले नाही, आणि तेवढ्यापुरती त्याला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

पण मत्सर एकदा मनात शिरला की तो गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी मुंगसाने साळुंकीला वाटेतच गाठले. "आता तू यायची गरज नाही," ते म्हणाले. "जखम भरत आली आहे. तुझ्या पायांची माती तिला लागते."

साळुंकीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "आत थोड्या अळ्या राहिल्यात असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही वैद्य. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." आणि ती उडून गेली.

गव्याने विचारले, "ताई का नाही आली?"

"कंटाळली असेल," मुंगूस म्हणाले. "मी आहे ना!"

 गव्याने मान जमिनीवर टेकवली. त्या दिवशी त्याने समोर टाकलेल्या गवताला तोंडही लावले नाही.

दोन दिवस गेले. जखम वरून सुकलेली दिसत होती. आतून मात्र ती ठणकू लागली. तिसऱ्या दिवशी गव्याला पुन्हा ताप भरला आणि जखमेला वास येऊ लागला. मुंगसाने खपली उचकटून पाहिले, तर आत खोलवर अळ्या वळवळत होत्या. त्याने दातांनी त्या काढायचा प्रयत्न केला, पण त्याचे तोंड तिथवर पोचेना. दर वेळी अळीऐवजी रक्तच बाहेर येई. गवा आता ओरडतही नव्हता. टेकडीवरून रानकुत्र्यांची एकमेकांना बोलावणारी शीळ ऐकू आली, तीही पहिल्यापेक्षा जवळून.

 'हा मेला तर रानकुत्र्यांच्या आधी मी त्याला मारलेलं असेल,' मुंगसाच्या मनात आले. मग ते भर उन्हात धावत सुटले. पाण्याचा त्याला तिटकारा होता, तरी ओढ्यातून पोहत पलीकडे गेले आणि साळुंकीच्या झाडाखाली उभे राहून ओरडले, "साळुंके, मी तुला खोटं सांगितलं! जखम भरली नव्हती. गवा तुझं नाव घेत होता, ते मला सहन झालं नाही. आता तो जातोय. चल!"

साळुंकीला राग आला नसेल असे नाही. तिची पिसे फुलली होती. पण तिने एवढेच विचारले, "अळ्या किती खोल गेल्यात?"

"माझं तोंड पोचत नाही इतक्या."

"मग तुम्ही पाला घेऊन या. मी पुढे जाते."

दुपार टळेपर्यंत साळुंकी अळ्या काढत होती आणि मुंगूस रस पिळत होते. त्या दिवशी ती गप्पा मारत नव्हती. पुढचे पाच दिवस दोघेही जांभळाखालून हलले नाहीत. पालासुद्धा सशाने आणून दिला. सहाव्या दिवशी गव्याने पुढचे पाय रोवले, एक मोठा हिसका दिला आणि तो उभा राहिला. टेकडीवरची टोळी त्याला उभा पाहून दुसरीकडे निघून गेली.

तेव्हा मुंगसाने त्याला सगळे सांगितले. शेवटी ते म्हणाले, "शिक्षा करायची तर कर. तुझ्या एका पायाखाली मी मावेन."

 "वैद्यबुवा," गवा म्हणाला, "माझा जीव जात होता आणि तुम्ही माझ्या तोंडची नावं मोजत होता? याचा राग मला आहे, आणि तो लगेच जाणार नाही. पण माझंही चुकलं. रस झोंबायचा म्हणून तुम्ही आलात की मी डोळे मिटायचो. तुमचे सोललेले पाय मी आज पहिल्यांदा पाहतोय. पठार चढून तुम्ही पाला आणला नसता, तर साळुंकीताईला अळ्या टिपायला मी उरलोच नसतो."

एवढे बोलून त्याने आपले अवजड डोके खाली झुकवले. आधी साळुंकीपुढे, मग मुंगसापुढे. आधी साळुंकीपुढे, हे मुंगसाला जरासे टोचलेच.  तरी ते गव्याच्या मांडीपाशी गेले, जखम नीट पाहिली आणि म्हणाले, "साळुंके, ही कड एकदा तू बघ. माझ्यापेक्षा तुझी नजर बारीक आहे."

तात्पर्य : आपल्याला बरे करणाऱ्या प्रत्येकाचे आभार मानावेत, ज्याचे औषध झोंबते त्याचेही, आणि बरे करणाऱ्याने आभार मोजत बसू नये, कारण तेवढ्या वेळात त्याचे लक्ष रोग्यावरून उडते.