वेशीवरचा ळ

एकदा नदीकाठच्या एका पेठेत एक वृद्ध आचार्य राहत असत. शब्द कुठून निघाले, कोणत्या वाटेनं आले आणि वाटेत त्यांचं काय काय झालं, हा त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यास. ते सांगत, ‘बादली’ आणि ‘चावी’ गलबतांतून उतरल्या, ‘दुकान’, ‘बाजार’, ‘कागद’ डोंगर आणि वाळवंटं ओलांडून आले, आणि आपण त्यांतल्या एकालाही कधी विचारलं नाही की बाबा रे, तुझं गाव कोणतं. ‘गरीब’ हा शब्द अरबांच्या मुलखातला. तिथे त्याचा अर्थ परका, घरापासून दूर पडलेला माणूस. आपल्या दारात येईपर्यंत तो कंगाल झाला होता. एवढं सांगून आचार्य नदीपल्याड पाहत राहत. शिष्य मात्र पुढचा शब्द कधी येतो याची वाट पाहत.

त्या शिष्यांत श्रीरंग नावाचा एक तरुण होता. त्याच्यासारखा कान पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. माणूस चार वाक्यं बोलला की तो कुठला, हे श्रीरंग बिनचूक सांगे. वाक्याचा शेवट कुणी ओढला, कुणी ‘ण’च्या जागी ‘न’ म्हटला, कुणाच्या ‘च’ला धार कमी पडली, सगळं त्याच्या कानांत नोंदलं जाई. ही विद्या आचार्यांचीच, आणि ती का शिकायची तेही त्यांनी एकदा दाखवलं होतं.

झालं असं की एक कुंभार पाठशाळेच्या ओसरीवर पाणी मागायला आला. त्याचं बोलणं ऐकून आचार्यांनी त्याला आधी गूळ दिला, मग पाणी दिलं, आणि विचारलं की तुमच्या तळ्याकाठची चिंच अजून उभी आहे का. तो माणूस तांब्या हातात धरून हमसून हमसून रडला. गाव सोडल्यापासून त्या चिंचेचं नाव त्याच्याजवळ कुणी काढलं नव्हतं. श्रीरंगानं हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं. गुरुजींनी केवळ उच्चारावरून गाव ओळखलं, याचं त्याला कोण कौतुक वाटलं. त्या माणसाच्या रडण्याकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नाही. हुशार माणसांचं हे असं होतं. त्यांना दिवा कसा पेटला ते कळतं, त्या उजेडात काय दिसलं ते त्यांना विचारू नये.

पुढे दुष्काळ पडला. नदी आटून नुसती वाळू राहिली, तेव्हा ती ओलांडायला नावही लागेना. पल्याडची माणसं अल्याड येऊ लागली. पेठेतल्या मोठ्या शेठजींनी वेशीपाशी अन्नछत्र घातलं. भल्यामोठ्या पाटीवर लिहिलं, ‘गरिबांसाठी’. रोज सकाळी वाडगाभर पेज आणि भाकरीचा तुकडा मिळे. आता धान्य काही आभाळातून पडत नव्हतं. पेठेतल्या प्रतिष्ठितांनी कुरकुर सुरू केली की आपल्या कोठारातलं धान्य आपल्या माणसांना पुरायला हवं, पल्याडच्यांचा भार आपण का सोसायचा. शेठजींनाही ते पटलं. अडचण एवढीच, की उपाशी माणूस इकडचा काय आणि तिकडचा काय, सारखाच दिसतो. हाडं सगळ्यांची एकाच जागी वर येतात.

तेव्हा श्रीरंग आपण होऊन पुढे झाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. तो शेठजींना म्हणाला की पल्याडच्या लोकांच्या बोलण्यात ‘ळ’ नाही, ते ‘ळ’च्या जागी ‘य’ म्हणतात. माणूस धूर्त असेल तर ‘मले’चं ‘मला’ करील, आपल्या गावाचं नाव लपवील. पण ‘ळ’साठी जीभ मागे वळवावी लागते, आणि ज्या जिभेला लहानपणी ते वळण लागलं नाही, तिला ते एका दिवसात येत नाही. कित्येक भाषांमध्ये तर हा वर्णच नाही. म्हणून दारात उभं राहून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, हे काय. बस्स, एवढ्यावर निवाडा.

शेठजी खूश झाले. त्यांनी त्याला ‘शास्त्रीबुवा’ म्हटलं आणि श्रीरंगाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुष्काळात तेवढंच एक अंग भरलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून श्रीरंग वेशीवर उभा राहिला. तो डोळ्याकडे बोट दाखवी. ‘डोळा’ म्हणणारा आत जाई, ‘डोया’ म्हणणारा बाहेर राही. चूक एकही झाली नाही. एक बाई लेकीला कडेवर घेऊन आली. लेक कडेवर बसण्याच्या वयाची नव्हती, पण चालण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. बाई ‘डोया’ म्हणाली. श्रीरंगानं मान हलवली. बाईनं एकदा आतल्या वाफेकडे पाहिलं.

“माह्या पोरीले तरी घ्या जी,” ती म्हणाली.

श्रीरंगानं मुलीला विचारलं. मुलगीही आईचंच म्हणाली. आईचं नाही तर कुणाचं म्हणणार? दोघी निघून गेल्या आणि वाटेवरच्या बाभळीखाली जाऊन बसल्या. तिथे त्यांच्यासारखी पुष्कळ माणसं आधीच बसली होती. परत नदी ओलांडण्याचं बळ कुणात नव्हतं.

संध्याकाळी श्रीरंगानं ही सगळी हकीकत मोठ्या अभिमानानं गुरुजींना सांगितली. आपल्या विद्येचा लोकांना उपयोग झाला म्हणून ते पाठ थोपटतील, अशी त्याची अपेक्षा होती. आचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढ्यातलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि ते आत जाऊन निजले. श्रीरंगाला वाटलं, वय झालं, भूक मंदावली असेल.

सकाळी अन्नछत्राच्या रांगेत आचार्य उभे होते.

पेठ चपापली. ज्यांच्या पठणाला लोक कान देऊन बसत, ज्यांचा एकेक वर्ण घासून लख्ख केलेल्या भांड्यासारखा वाजे, ते गुरुजी हातात वाडगा घेऊन उन्हात उभे. त्यांना पुढे येण्याची विनंती झाली, ती त्यांनी ऐकली नाही. त्यांची पाळी आली तेव्हा श्रीरंग ओशाळून बाजूला झाला आणि आत चला म्हणाला.

“विचार,” आचार्य म्हणाले.

श्रीरंगाला बोट उचलवेना. आचार्य तिथून हलेनात. मागे रांग खोळंबली होती. शेवटी त्यानं कसंबसं आपल्या डोळ्याकडे बोट नेलं.

“डोया,” आचार्य म्हणाले.

आधी कुणाला काही समजलंच नाही. मग शेठजी मोठ्यानं हसले आणि गुरुजी थट्टा करताहेत असं चारचौघांना सांगू लागले. श्रीरंग हसला नाही. त्याचा कान फसणारा नव्हता. थट्टेनं काढलेला उच्चार वेगळा असतो, आणि तोंडात मुरलेला वेगळा. हा मुरलेला होता.

“श्रीरंगा, हा माझ्या आईचा उच्चार,” आचार्य म्हणाले. “मी पल्याडचा. मागच्या मोठ्या दुष्काळात आईनं मला पाठीवर घेऊन ही नदी ओलांडली. याच वेशीवर आम्हांला पेज मिळाली, आणि कुणी आमच्या तोंडाकडे कान लावला नाही. ‘ळ’ मी नंतर शिकलो, खोलीचं दार लावून, कैक दिवस घोटून. कारण ‘डोया’ म्हणणाऱ्याला कुणी पाठशाळेत गुरू करत नाही, हे मला समजलं होतं. ते मी तुम्हां कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. तुला कान दिला तो एवढ्यासाठी, की समोरचा किती लांबून चालत आला ते कळावं, म्हणजे त्याला आधी बसायला सांगता येतं. तू त्याची चाळणी केलीस. आणि चाळणी चांगली झाली आहे. तिच्यातून मीसुद्धा खाली पडलो.”

शेठजींनी पुढे होऊन हात जोडले, म्हणाले, गुरुजी, तुमची गोष्ट निराळी, तुम्ही आपलेच. आचार्यांनी वाडगा उपडा केला आणि सांगितलं की रीत सगळ्यांना सारखी असावी. मग ते सावकाश चालत बाभळीखाली गेले आणि त्या माणसांत जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ‘ळ’ पुन्हा निघाला नाही.

श्रीरंगानं तिथल्या तिथे वेशीवरची जागा सोडली. त्याला वाटलं, आपण गेलो की चाळणी बंद पडेल. कशाची बंद पडते? शेठजींनी आपल्या एका दिवाणजीला तिथे उभं केलं. डोळ्याकडे बोट दाखवायला शास्त्री कशाला लागतो? युक्ती एकदा बाहेर पडली की ती कुणाच्याही हातानं चालते, आणि ज्यानं ती काढली त्या डोक्याची तिला गरज उरत नाही. पेठेतली पोरं गल्लीत तोच खेळ खेळू लागली.

मग श्रीरंग शेठजींच्या पाया पडला. ते म्हणाले, शास्त्रीबुवा, तुमचीच तर ही कल्पना, आणि उत्तम चालली आहे. त्यानं घरोघरी झोळी फिरवली. जी दारं पूर्वी त्याच्यासाठी उघडत, ती आता आतून लागली. मिळालं ते मूठ-मूठ करून बाभळीखाली गेलं आणि पुरलं नाही.

आता त्याच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. तो बाभळीखाली बसला आणि त्या माणसांना ‘ळ’ शिकवू लागला. जीभ मागे घ्या, टाळूला लावा, तिथून खाली सोडा. माणसं जीव तोडून प्रयत्न करत. उपाशी तोंडं उघडत, वाळलेल्या जिभा वळवळत, आणि बाहेर पडे तो ‘य’च. आचार्य शेजारी बसून हे पाहत होते. त्यांनी त्याला थांबवलं नाही. एवढंच म्हणाले की जाणत्या वयाची जीभ सहसा वाकत नाही, माझी वाकली तेव्हा मी पोर होतो आणि पोटात अन्न होतं.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मोठ्यांपैकी कुणालाही ते साधलं नाही. लहान मुलांना मात्र साधलं, कारण मुलांची जीभ अजून कुठल्याच गावची झालेली नसते. काही दिवस दोन्ही वेळ घोटून घेतल्यावर पोरं भराभर ‘डोळा’ म्हणू लागली. श्रीरंगाचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, निदान पोरं तरी जगतील. त्या बाईची लेक तर सगळ्यांत आधी शिकली.

सकाळी मुलं रांगेत उभी राहिली आणि एकेक करून आत गेली. आया बाभळीखालून पाहत राहिल्या. ती बाई आता भिंतीला टेकल्यासारखी बाभळीच्या बुंध्याला टेकून होती. लेक आत गेली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. श्रीरंगानं घाबरून जवळ जाऊन पाहिलं. ती समाधानानं पडली होती.

मुलगी पेज पिऊन आली ती आपल्या पायांनी चालत आली. भाकरीचा तुकडा तिनं खाल्ला नव्हता. पाठीमागे मुठीत तो धरून ती आईसमोर उभी राहिली. आईनं हात पुढे केला. मुलीनं दुसऱ्या हाताचं बोट आपल्या डोळ्याकडे नेलं आणि ती वाट पाहू लागली.

आई हसली. “डोया,” म्हणाली.

मुलीनं मान हलवली, अगदी वेशीवर हलवतात तशी. तिच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. भाकरी आईसाठीच तर जपून आणली होती. या पेठेत आल्यापासून तिनं अन्न मिळताना जे पाहिलं होतं, ते एवढंच होतं. तिला वाटलं, जेवायला देण्याची हीच रीत असते. आईनं जीभ मागे नेली, पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा मान हलली. आईचा हात खाली आला.

श्रीरंगाला ते पाहवेना. त्यानं आचार्यांकडे पाहिलं. आचार्यांनी मान फिरवून नदीच्या वाळूकडे तोंड केलं होतं. तो मुलीपाशी गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “दे गं तिला. आई आहे ती तुझी.”

मुलीनं त्याच्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

“देते ना,” ती म्हणाली. “पण आधी तिला डोळा म्हणू दे.”

तिचा ‘ळ’ अगदी स्वच्छ होता.